मक्तूब म्हणजे नशीबच ना?

प्रश्न असा आलाय की पाउलो कोएलोच्या ‘द अल्केमिस्ट’मधे सारखं येणारं ‘मक्तूब’ म्हणजे आपलं नशीबच का, आणि त्यातल्या ‘पर्सनल लेजंड’ला (माणसाला आयुष्यात मनापासून जे करायचं असतं ते) मराठीत काय म्हणायचं.

आधी मक्तूब. शब्द अरबी, धातू क-त-ब म्हणजे लिहिणं, आणि मक्तूब म्हणजे ‘लिहिलेलं’, बस एवढंच. उर्दू-फारसीत तर मकतूब म्हणजे साधं पत्र. शब्द परका वाटतो पण त्याचा साचा आपण रोज वापरतो: नजर वरून मंजूर (मूळ अर्थ ‘पाहिलेलं’, म्हणजे साहेबांच्या नजरेखालून गेलेलं), जप्त वरून मजबूत, आणि ‘त्यात काय हशील’ मधलं हशील ज्या धातूतलं त्याच धातूतलं महसूल, म्हणजे ‘जमा केलेलं’. जुन्या कागदांत ‘मौजे मजकूर’ असतं ना, तिथला मजकूरही तसाच, ‘उल्लेख केलेलं’. मक्तूब याच रांगेतला भाऊ, फक्त मराठीत वस्तीला आला नाही. (पैलवानाला मिळतो तो किताब मात्र यातला नाही हां, तो खिताब वरून आलाय, त्याचा धातूच वेगळा. पुस्तक या अर्थाचा किताब तेवढा क-त-ब वाला.)

आता नशीब. हाही अरबीच पण याचा मूळ अर्थ ‘वाटा’. किस्मतही तसंच, वाटणीवरून आलेलं, जमिनीच्या कागदात तकसीम दिसते ती त्याच घरातली. आणि गंमत बघा, आपण ‘माझ्या नशिबी आलं’ आणि ‘माझ्या वाट्याला आलं’ अगदी एकाच अर्थाने बोलतो, कुणी शिकवलेलं नसताना. म्हणजे नशिबात कुणीतरी वाटप करतंय आणि मक्तूबमधे कुणीतरी लिहितंय. त्यामुळे मक्तूबला नेमका मराठी शब्द विधिलिखित, त्यातही ‘लिहिलेलं’ आहेच. बोलताना आपण ‘कपाळावर लिहिलंय’ म्हणतो, सटवाईसाठी बाळाजवळ कोरा कागद आणि पेन ठेवतो, म्हणजे लिहिणारीचं नाव-गाव सगळं आपल्याला ठाऊक. अरबी शब्दात लिहिणारा अध्याहृत, सांगायची गरजच नाही कारण ऐकणाऱ्याला माहीतच असतो.

कादंबरीत हा शब्द नायकाला, सान्तियागो नावाच्या मेंढपाळ पोराला, भेटतो तो मोरोक्कोतल्या टँजियरमधे, काचसामान विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या तोंडी. या माणसाला मक्केला जायचंय पण तो जात नाही, कारण ते स्वप्न पुरं झालं तर जगायला उरेल काय ही भीती. पोरगा निघतो तेव्हा तो म्हणतो मी काही मक्केला जाणार नाही आणि तूही परत मेंढ्या घेणार नाहीस, तुला कुणी सांगितलं विचारलं तर उत्तर एकच, मक्तूब. म्हणजे हाच शब्द एकाला घरी बसवतो आणि दुसऱ्याला वाळवंटात पाठवतो. मला वाटतं अख्ख्या पुस्तकातली सगळ्यात चांगली जागा ही आहे, पुढचं वारा-सूर्याशी बोलणं वगैरे मला जरा जास्तच झालं.

‘पर्सनल लेजंड’ हे मूळ पोर्तुगीजमधे ‘लेंदा पेसोआल’ (पुस्तक 1988 चं). लेंदा आणि लेजंड दोन्ही लॅटिन ‘लेगेंदा’वरून, अर्थ ‘वाचायच्या गोष्टी’. एक लिहिलेलं आणि एक वाचायचं! लेखकाने मुद्दाम केलं असं माझं म्हणणं नाही, पण सान्तियागो सेमिनरीत लॅटिन शिकलेला, मेंढ्या राखताना पुस्तक वाचणारा आणि पुढे शकुन वाचत वाचत पिरॅमिडपर्यंत जाणारा आहे, त्यामुळे बसतं मात्र चपखल.

मराठीत ‘वैयक्तिक दंतकथा’ कृपया नको, दाताच्या दवाखान्याची जाहिरात वाटते. ‘स्वधर्म’ काहीजण सुचवतील पण गीतेतला स्वधर्म म्हणजे कर्तव्य, आवड असो नसो करायचंच, आणि या पोराने तर आवडीपायी कळप विकलाय. ‘नियती’ म्हटलं तर माणसाने करायचं काही उरतच नाही. मी ‘ध्यास’ वापरेन, कारण ध्यास घ्यावा लागतो आणि घेतलेला सोडताही येतो, त्या व्यापाऱ्यासारखा.

उच्चार मक्‌-तूब, तू दीर्घ. रील्समधे ‘मॅकटब’ ऐकू येतं, ते सोडून द्या.