वाचकांचे प्रश्न : पोर्तुगालची गावे आणि तिथल्या चित्रकारांची नजर

प्रश्न : चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मी राजारामपुरीत मुलांना जलरंग शिकवतो. इंटरनेटवरील छायाचित्रे पाहून मुले पोर्तुगालमधील गावे आवडीने रंगवतात. चित्रे सुबक होतात, परंतु सगळी एकाच कॅलेंडरची पाने वाटतात. तिथल्या चित्रकारांनी आपला मुलूख कसा रंगवला आहे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या विद्यार्थ्यांचा दोष फारसा नाही. पर्यटकांसाठी काढलेल्या छायाचित्रात जागेची निवड, ऊन आणि चौकट हे सारे आधीच ठरलेले असते, त्यामुळे रंगवणाऱ्याला ठरवण्यासारखे काही उरत नाही. हा देश महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही लहान आहे. तरीही उत्तरेकडील मिन्यो हा ओला आणि हिरवागार, दोरो नदीच्या खोऱ्यात पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे द्राक्षमळे, तर दक्षिणेकडील आलेंतेजोमध्ये गव्हाची मोकळी शेते आणि बुचाच्या ओकांची विरळ झाडी असा त्याचा पालट आहे. आपण रंगवत असलेले गाव यांपैकी कोणत्या भागातले आहे, एवढे तरी मुलांनी आधी शोधून काढावे. चित्रातली माती, भिंत आणि सावली यांचे रंग त्यावरच ठरतात.

तिथल्या निसर्गचित्राला खरे वळण लागले ते सिल्व्हा पोर्तो (1850–1893) या चित्रकारामुळे. सरकारी शिष्यवृत्तीवर तो 1873 मध्ये पॅरिसला गेला, फ्रान्समधल्या बार्बिझों या खेड्यात जमणाऱ्या निसर्गचित्रकारांकडून उघड्यावर बसून चित्र काढण्याची रीत त्याने उचलली आणि 1879 मध्ये परतल्यावर लिस्बनच्या अकादमीत तो निसर्गचित्रण शिकवू लागला. त्याच वर्षीचे त्याचे एक प्रसिद्ध चित्र लिस्बनजवळच्या बेलास येथील माळाचे आहे. विषय म्हणाल तर ज्यासाठी कोणी प्रवासी वाट वाकडी करणार नाही असे माळरान. मात्र त्यावरचा प्रकाश चित्रकाराने स्वतः तिथे थांबून पाहिलेला आहे. पुढे 1881 पासून त्याच्याभोवती जमलेले तरुण चित्रकार लिस्बनमधील ‘लेआंव द ओरो’ या बियरच्या दुकानात भेटत, म्हणून ते ‘ग्रुपो दो लेआंव’ या नावाने ओळखले गेले. त्यांतलाच जुझे मालोआ (1855–1933) हा ग्रामीण पोर्तुगालचा सर्वांत लोकप्रिय चित्रकार ठरला. आपले आबालाल रहमान साधारण त्याच काळातले. त्यांचे निधन 1931 मध्ये झाले. रंकाळा आणि पंचगंगेच्या काठी पुन्हा पुन्हा जाऊन त्यांनी केलेली चित्रे ज्या शहरात आहेत, तिथल्या मुलांना एकाच जागेकडे परत परत जाण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये.

आणखी एक नाव सांगतो. करवीरच्या दरबाराने चित्रकारांना आश्रय दिला; पोर्तुगालमध्ये तर राजा पहिला कार्लुश स्वतःच चांगला चित्रकार होता. समुद्रचित्रे हा त्याचा आवडता विषय. 1905 मध्ये त्याने पेस्टलमध्ये रंगवलेला बुचाचा ओकही प्रसिद्ध आहे. या झाडाची साल दर नऊ वर्षांनी काढतात. सोललेले खोड आधी तांबूस-नारिंगी दिसते आणि वर्षे जातील तसे काळपट होत जाते. साल काढल्याच्या वर्षाचा शेवटचा आकडा खोडावर पांढऱ्या रंगाने लिहिलेला असतो. छायाचित्रावरून रंगवणारी मुले हे खोड सरसकट तपकिरी करून टाकतात.

प्रश्न : मालोआच्या चित्रांतील शेतकरी आनंदी दिसतात. ते जीवन खरोखर तसे होते, की चित्रकाराने गोड करून दाखवले?
— कलामहाविद्यालयातील एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : मालोआवर हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो अर्धाच खरा आहे. जत्रा, नवस, कणसे आणि ऊन यांत तो रमतो हे कबूल; परंतु 1907 मधल्या त्याच्या मद्यपींच्या चित्रात, संत मार्टिनच्या सणाला नवी वाइन पिऊन झिंगलेली माणसे आहेत आणि त्यांची अवस्था त्याने झाकलेली नाही. ‘फादो’ (लिस्बनचा एक गानप्रकार) हे 1910 चे चित्र तर लिस्बनच्या मोरारिया वस्तीतल्या कोंदट खोलीत बेतलेले आहे. गिटार वाजवणारा आणि ऐकणारी स्त्री ही दोघेही त्याने त्याच वस्तीतून निवडली होती.

खरा गोडवा पुढे आला आणि तो सरकारी होता. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने 1938 मध्ये ‘पोर्तुगालमधील सर्वांत पोर्तुगीज गाव’ निवडण्याची स्पर्धा घेतली. मोन्सांतो या डोंगरावरच्या दगडी गावाला त्यात रुपेरी कोंबड्याचे मानचिन्ह मिळाले. स्वच्छ, समाधानी, देवभोळे आणि कसलीही मागणी नसलेले खेडे हे त्या राजवटीचे आवडते चित्र होते. आज समाजमाध्यमांवर फिरणारी कित्येक छायाचित्रे नकळत त्याच साच्यातली असतात, असे माझे मत आहे.

या साच्याला उत्तर दिले नवयथार्थवादी, म्हणजे कष्टकऱ्यांचे खरे जगणे रंगवणाऱ्या चित्रकारांनी. जुलियो पोमार (1926–2018) याने एकोणीस वर्षांचा असताना, 1945 मध्ये, गवत कापणारा मजूर रंगवला. त्या चित्रात निसर्ग मागे हटतो आणि माणसाचे शरीर पुढे येते. गवंड्याच्या हाताखालचा मजूर, त्याची बायको आणि मूल यांच्या जेवणाचे त्याचे चित्र 1946 ते 1950 या काळातले आहे. मध्यंतरी 1947 मध्ये राजकीय पोलिसांनी त्याला काही महिने तुरुंगात ठेवले होते. त्यानंतर 1953 च्या सुमारास त्याने भातशेतीतील मजुरांवर चित्रमालिका केली. पोर्तुगालमध्ये तेजो नदीच्या सखल काठाने भात पिकते, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक नसते. चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बायकांच्या पाठी राधानगरी-गगनबावड्याकडे आषाढात आपण पाहतोच. आपण मालोआ आणि पोमार शेजारी शेजारी ठेवून पाहावे, आणि त्यातही आकाशाला कोणी किती जागा दिली आहे ते आधी मोजावे.

प्रश्न : शहरांचे काय? तिकडे शहरे फरशांवर रंगवतात, असे ऐकले आहे.
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : बरोबर ऐकले आहे. लिस्बनच्या आझुलेजो (रंगवलेल्या चकचकीत फरशा) संग्रहालयात 1700 च्या आसपासचा, सुमारे 23 मीटर लांबीचा निळ्या-पांढऱ्या फरशांचा पट आहे. 1755 च्या भूकंपात उद्ध्वस्त होण्यापूर्वीचे सारे शहर नदीच्या बाजूने त्यात दिसते. पोर्तो येथील साँव बेंतो रेल्वे स्थानकात जोर्ज कोलासो याने केलेल्या सुमारे 20,000 फरशांवर लढाया आहेत आणि खेड्यातली कामेही आहेत. कॅनव्हासवर लिस्बनची उतरंडीची छपरे सातत्याने रंगवली ती कार्लुश बोतेल्यो (1899–1982) याने. पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या मारिया हेलेना व्हिएरा दा सिल्व्हा (1908–1992) यांच्या अमूर्त चित्रांतील लहान लहान चौकोनांत मात्र त्या फरशांची आठवण स्पष्ट दिसते.

प्रश्न : आलेंतेजोमधील पांढरी घरे जलरंगात कशी रंगवावीत? माझी घरे कोरी वाटतात.
— एक हौशी चित्रकार, रंकाळा परिसर

उत्तर : भिंतीसाठी कागद राखून ठेवला तरी तेवढ्याने काम भागत नाही. उन्हातली चुन्याची भिंत ही चित्रातली सर्वांत उजळ जागा असली, तरी तिचा खालचा भाग जमिनीवरून परतलेल्या प्रकाशाने उबदार होतो. तिथे अगदी पातळ पिवळ्या गेरूचा हात द्यावा. वळचणीखालची सावली काळ्या-करड्या रंगाने कधीही करू नये. निळा आणि थोडा जांभळा यांचा एकच स्वच्छ वॉश (पातळ रंगाचा सलग हात) द्यावा आणि तो ओला असतानाच खालून उबदार रंग त्यात मिसळू द्यावा. दारे-खिडक्यांभोवती आणि भिंतीच्या तळाशी निळा किंवा पिवळा पट्टा असतो. तो पट्टीने आखल्यासारखा सरळ काढू नये, कारण दरवर्षी चुना लावून लावून भिंतीच्या कडा गोलसर झालेल्या असतात. पणजीतील फोंताइन्हसची गडद पिवळी-तांबडी घरे डोळ्यांपुढे ठेवून आलेंतेजो रंगवणारे काही जण मी पाहिले आहेत, ते टाळावे. आकाश मात्र भिंतीआधी रंगवून घ्यावे, म्हणजे पांढरा किती राखायचा याचा अंदाज येतो.