गेम लावला की पीसी गुल

प्रश्न: दादा, माझा पीसी दोन महिन्यांपासून लय त्रास देऊलाय. २०२० ला असेंबल करून घेतलेला, रायझन ५ ३६०० प्रोसेसर, त्याच्या डब्यात आलेलाच कूलर, जीटीएक्स १६६० सुपर कार्ड. नेट, पिक्चर, कॉलेजचं काम सगळं बिनघोर चालतंय. पण व्हॅलोरंट लावलं की पंधरा-वीस मिनिटांत एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) १४० वरनं ४० वर येतंय, पंखा बोंबलायला लागतोय आणि गपकन बंद. ब्लू स्क्रीन नाही, मेसेज नाही. लगेच बटण दाबलं तर दोन मिनिटांत परत बंद, जेवून आलो की मात्र चालू. दुकानात दाखवलं तर ग्राफिक्स कार्ड गेलंय, नवीन घाल म्हणाले. घरात तेवढे पैसे मागायचं धाडस होईना. काय करू? खाली काकांचे माग आहेत, त्या आवाजात पीसीचा आवाज आधी कळलाच नाही.
(एक वाचक, वडगाव, बेळगाव)

उत्तर: कार्ड घेऊ नकोस, आधी थांब. तू शेवटी मागाचं सहज लिहिलंस, पण माझं लक्ष पहिलं तिथंच गेलं. वडगाव, शहापूर, खासबाग इकडच्या मागवाल्या घरांतले पीसी मी बरेच उघडलेत आणि दरवेळी आत तेच दिसतं, साधी धूळ नाही, सुताचे तंतू. धूळ फुंकर मारली की उडते तरी, हे तंतू एकमेकांत अडकून प्रोसेसर गार ठेवणाऱ्या कूलरच्या पत्र्यांच्या तोंडाशी गोधडी घालून बसतात. वरनं पंखा फिरताना दिसतो म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे, पण हवा खाली जातच नाही, गोधडीवर आपटून परत येते.

आता तुझी लक्षणं बघ. एफपीएस आधी पडलं आणि मग बंद झालं, हा क्रम महत्त्वाचा. तुझ्या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे. तिथं पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, तेच तुझं १४० चं ४०. त्यानंही भागलं नाही आणि पारा चढतच राहिला तर जळू नये म्हणून सगळं एकदम तोडून टाकतो, त्याला ब्लू स्क्रीन दाखवायलाही वेळ नसतो. आणि जेवून आलो की चालू, म्हणजे तेवढ्यात गार झाला, सरळ आहे. खराब झालेलं कार्ड जेवणाची वाट बघत नाही, ते स्क्रीनवर रंगीत ठिपके-पट्टे दाखवतं, कार्डाचं सॉफ्टवेअर (ड्रायव्हर) बंद पडतं, नाहीतर पंखे चालू राहून नुसती स्क्रीन काळी होते.

पण माझ्यावर विश्वास ठेवून स्क्रू ड्रायव्हर उचलू नको, आधी आकडे बघ. एचडब्ल्यूइन्फो नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात फक्त सेन्सर्स चालू कर आणि लॉगिंगचं बटण दाबून गेम लाव. पीसी बंद पडला तरी फाइल राहते, तिच्यातल्या शेवटच्या ओळी वाच. सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) ९५ च्या आसपास आणि कार्ड सत्तर-पंचाहत्तर असेल तर चोर सापडला. विंडोजच्या टास्क मॅनेजरवर जाऊ नको, तिथं कार्डचं तापमान दिसतं, प्रोसेसरचं दिसत नाही. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद दिसेल, ते बघून बरेच जण लगेच एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलतात, पण ती नोंद फक्त एवढंच सांगते की मशीन नीट शटडाउन झालं नव्हतं. का, ते सांगत नाही.

अजून एक गोष्ट बघून ठेव. बंद पडताना मॉनिटरचा दिवा पण जातो का? मॉनिटर आणि पीसी एकाच यूपीएसवर असतील आणि दोन्ही एकदम गेले तर ती उष्णता नाही, लाइटची भानगड आहे. खाली मागाच्या मोटारी चालू होताना व्होल्टेज पडत असेल तर यूपीएस बॅटरीवर जातो, आणि छोट्या यूपीएसला बॅटरीवर गेम चालवणारा पीसी झेपत नाही.

उष्णताच निघाली तर रविवारी सकाळी बस. या कूलरची एक खोड आहे, ती कुणी सांगत नाही. कूलर आणि प्रोसेसरच्या मधे उष्णता पोचवायला लावलेली जुनी पेस्ट वाळून डिंकासारखी होते आणि कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर सॉकेटमधनं उपटून त्याच्यासोबतच येतो, पिना वाकल्या की मग खरोखरच खर्च. म्हणून आधी दहा मिनिटं पीसी चालव, पेस्ट जरा मऊ होऊ दे, मग बंद करून वायर काढ, चारही स्क्रू सैल कर आणि कूलर वर न ओढता डावी-उजवीकडं हळूहळू फिरव, बरणीचं घट्ट झाकण फिरवतो तसं. सुटल्यासारखा वाटला की मगच उचल. पंख्याची वायर बोर्डावरनं काढायला विसरू नको.

साफ करताना मी एकदा शहाणपणा केला होता, कूलर घेऊन पंक्चरवाल्याकडं गेलो आणि म्हटलं मार हवा. त्या हवेनं पंखा एवढा जोरात फिरला की एक पातं तुटून पडलं, वर कॉम्प्रेसरच्या नळीतनं पाण्याचे थेंब आले ते वेगळेच. पातं तुटलेला पंखा परत लावून बघितला तर सगळी कॅबिनेट थरथरत होती. तर तसं करू नको. साधा ब्लोअर बास, पंखा बोटानं धरून ठेव, आणि तंतूंची गोधडी हवेनं निघत नसली तर चिमट्यानं ओढ, अख्खीच्या अख्खी निघते, बघायला मजा येते.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडक्यानं पूस, दोन्हीकडनं चकचकीत धातू दिसेपर्यंत. नवीन पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी, पसरवायची गरज नाही, कूलरच दाबतो. स्क्रू मात्र समोरासमोरचे आळीपाळीनं थोडे-थोडे आवळ, एकच पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडं गेलास की कूलर तिरका बसतो आणि सगळी मेहनत पाण्यात. पेस्टची छोटी ट्यूब घे, मोठी घेऊन ठेवलीस तर वाळूनच जाणार.

तुझी कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या त्या खालच्या कप्प्यात असेल तर बाहेर काढ. मागं भिंत, बाजूला फळी, मग मागच्या पंख्यानं बाहेर टाकलेली गरम हवाच पुढनं परत आत. आणि मागाच्या घरात जमिनीवर ठेवू नको, वीतभर तरी उंच. समोर जाळी असली तर महिन्यातून एकदा ब्रशनं झाडायची, पेस्ट मात्र तीन-चार वर्षांनीच बदल, दर महिन्याला उघडत बसू नको.

आणि हे सगळं रविवारपर्यंत जमत नसेल तर आजच फुकटात एक कर, गेमच्या सेटिंगमध्ये एफपीएस मॉनिटरच्या हर्ट्झएवढं (मॉनिटर सेकंदाला जेवढी चित्रं दाखवू शकतो तेवढं) बांध. मॉनिटर ६० चा आणि गेम १४० काढतोय, तर वरचे ८० तुला दिसतच नाहीत, प्रोसेसर मात्र त्यांच्यासाठी तापतोय. साफ केल्यावर आकडा ७५ च्या आत राहिला आणि तरीही पीसी गुल झाला, तर मग एसएमपीएसवर संशय घे. मित्राचा चांगला एसएमपीएस एका दिवसासाठी मागून लावून बघ, विकत घ्यायचं ते त्यानंतर.

प्रश्न: बाजूचं झाकण काढून टेबल फॅन लावलाय, गेम चालतोय. असंच ठेवलं तर काय होईल? (निपाणी)

उत्तर: फॅन लावल्यावर चालतोय म्हणजे आतली हवा कोंडते एवढं कळलं, तपासणी म्हणून उत्तम. पण कायम तसं ठेवलंस तर टेबल फॅन घरातली सगळी धूळ गोळा करून थेट बोर्डावर आणणार, आणि निपाणीत वखारीजवळ घर असलं तर तंबाखूचा भुगा पण. तो भुगा दमट हवेत चिकट होतो, ब्रशनं निघत नाही. झाकण लाव, मागं १२० मिलिमीटरचा एक पंखा हवा बाहेर टाकणारा बसव, पुढं एक आत घेणारा. बऱ्याच पंख्यांच्या कडेवर बाण असतो, हवा कुठं जाणार ते तो दाखवतो. दोन्ही पंखे आत हवा घेणारे बसवलेला पीसी परवाच बघितला.

प्रश्न: एप्रिल-मे मध्ये दुपारी खोलीत ३६ अंश असतंय. कूलर बदलून पीसी ३० अंशावर आणता येईल का? (गोकाक)

उत्तर: नाही. हवेनं गार होणारी वस्तू हवेपेक्षा गार होत नाही. काही न करता पीसी ४५-५० ला असेल तरी त्या दुपारी ते चांगलंच आहे, गेम मात्र रात्री खेळ.