मुठ्यांची माळ घ्यावी की नको?

प्रश्न: मागच्या रविवारी मुरबाडकडे जाताना रस्त्याच्या कडेला कातकरी बायका दोरीत बांधलेले मुठे, म्हणजे खेकडे, विकत होत्या. मिस्टर म्हणाले घेऊया, सासूबाई म्हणाल्या नको, या दिवसात पिल्लंवाल्या असतात. भांडणात गाडी पुढे गेली. घ्यावेत का? आणि त्या बायकांना त्यात सुटतं तरी काय? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत बरं का. मुठा म्हणजे गोड्या पाण्यातला खेकडा, खाडीतल्या चिंबोरीसारखी याची पिल्लं अळ्या होऊन पाण्यात वाहत जात नाहीत, मादी पोटाखालच्या झाकणात अंडी धरून बसते आणि तिथेच बारीक बारीक तयार खेकडे निघतात, म्हणजे एक मादी गेली की अख्खं बिऱ्हाड गेलं. उलटा करून बघा, झाकण निमुळतं तो नर, रुंद पसरट ती मादी. नर मागा, देतात निवडून, मला तरी अजून कुणी नाही म्हणालेलं नाही.

आता सुटतं काय, तर बघा, यातली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जातात, उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, त्यामुळे पावसाच्या तोंडावर घरी येतात तेव्हा हातात फारसं काही नसतं, स्वतःची जमीन बहुतेकांना नाही आणि लावणीची मजुरी सुरू व्हायला अजून अवकाश. नेमके तेव्हाच पहिल्या पावसाने मुठे बिळातून बाहेर पडतात. भांडवल काय, एक बॅटरी आणि एक बादली. रात्री पुरुष नि पोरं ओढ्यावर, सकाळी बाई रस्त्यावर, आणि आलेला पैसा तिच्याच हातात, त्याच संध्याकाळी त्याचं तेल-मीठ-तांदूळ होतं. खपले नाहीत तर घरी रस्सा. मेहनत फुकटची नाही मात्र, बिळात हात घालायचा आणि आत मुठा आहे की साप हे हातालाच कळणार!

शेतकरीही सहसा अडवत नाही. २०१९ ला तिवरे धरण फुटलं त्याचं खापर मंत्र्यांनी खेकड्यांवर फोडलं ते सोडा, पण भाताचे बांध ते खरंच पोखरतात.

तेव्हा घ्या, घासाघीस नको. मेलेला असेल तो बाजूला काढायला सांगा. आणि नीट शिजवा, अर्धवट कच्च्या खेकड्यातून फुप्फुसात कृमी जाऊ शकतात. बारीक पाय मिक्सरला फिरवून, गाळून ते पाणी रश्श्यात घाला, सासूबाई पण वाटी पुढे करतील.