नथीची मजुरी कोण देणार?

यावेळची पत्रं बहुतेक दागिने करणाऱ्या बायकांचीच आहेत, संक्रांत आणि लग्नसराई जवळ आली की असं होतंच. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिलीय कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सगळ्यांचा आहे.

प्रश्न : ताई, मी साताऱ्यात घराच्या पुढच्या खोलीत नथी, तन्मणी, मोत्याच्या कुड्या असं छोटं दुकान चालवते. शिकले कुठेच नाही, यूट्यूब बघून आणि आईच्या जुन्या नथी उसवून हात बसला. एका दाबाच्या नथीला दीड तास जातो, १२० रुपयाला विकते, तरी बायका म्हणतात तुळशीबागेत पन्नासला मिळते. भाव कमी करू का?

उत्तर : अजिबात नको, उलट १२० हाच भाव कमी आहे. हिशोब मांडू या. तार, मोती, खडे, पॉलिश मिळून समजा ६० रुपये, डबी आणि पिशवी १५, तुमचा दीड तास ताशी फक्त ८० रुपये धरला तरी १२०, झाले १९५. त्यावर लाईटबिल, फुटलेले मोती, न विकलेला माल यासाठी २० टक्के धरा म्हणजे ३९, एकूण २३४. म्हणजे आत्ता १२० मधून बाकी खर्च वजा केला तर तुमच्या दीड तासाच्या मजुरीला जेमतेम ६ रुपये उरतात. आणि उद्या एखादं बुटीक म्हणालं की आमच्याकडे ठेवा, ३० टक्के कमिशन, तर तिथला भाव ३३५ च्या खाली परवडतच नाही. हा हिशोब वहीत लिहा, तोंडी धरला की पहिला बळी आपल्याच मजुरीचा जातो.

पन्नासची नथ साच्यातनं डझनावारी निघते, तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही. हवी तर तीही दोन डझन आणून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा आणि सरळ सांगा की ही माझ्या हातची नाही. तुमच्या हातच्या नथीचं गिऱ्हाईक वेगळं असतं, तिला दाब आपल्या नाकाला बसवून हवा असतो, आजीच्या नथीतले मोती नव्या तारेत गाठवून हवे असतात, आणि मुख्य म्हणजे तुटली तर नीट करून देणारं माणूस हवं असतं. मला विचाराल तर लहान दुकान उभं राहतं ते दुरुस्तीवर! टोचलेल्या नाकाची नथ बघा, ती मोत्यापाशी क्वचितच तुटते, तुटते ती नाकात घालायच्या वळणावर, कारण घालताना काढताना तीच जागा रोज वाकते. म्हणून मुख्य तार २० गेजची घ्या आणि मोती बांधायला २८ ची (नंबर वाढला की तार बारीक, नवीन बायका इथे हमखास उलटं आणतात). कापलेल्या टोकाची धार बारीक कानशीने गोल करा, नखावरून फिरवून बघा, ओरखडा आला तर अजून घासा.

जुना दागिना दुरुस्तीला घेताना मात्र गिऱ्हाइकासमोर मोती मोजायचे, वजन करायचं, फोटो काढायचा आणि पावतीवर लिहायचं. खरे मोती असले तर पुढे होणारी कटकट फार वाईट असते. आणि यूट्यूबला रेशमाची गाठ नीट दिसत नाही हो, गावात पटवेकरी (दागिने रेशमात गाठवून देणारे) असतील तर त्यांच्याशेजारी चार दुपारी बसा, गोंडा कसा वळतात ते बघा.

प्रश्न : माझ्या झुमक्यांनी दोघींचे कान चिघळले. पितळ वाईट का?

उत्तर : पितळापेक्षा संशय निकेलवर घ्या. बऱ्याचदा सोनेरी मुलाम्याच्या खाली निकेलचा थर असतो, वरचा मुलामा झिजला की तो कातडीला लागतो आणि ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांना खाज, पाणी सुटणं सुरू होतं. पॉलिशवाल्याला आधीच सांगा की निकेलचा बेस नको, आणि कानात जाणारा हूक टायटॅनियमचा लावा, थोडा महाग पडतो पण बाकी झुमका तोच ठेवता येतो. गळ्यावर हिरवा डाग पडतो ते वेगळं, ते घाम आणि तांब्याचं काम, साबणाने जातं. दोघींचे झुमके परत घ्या, वाद घालू नका, आणि कानात घालून बघितलेला माल पुसल्याशिवाय परत ट्रेमध्ये टाकू नका. सेंट मारून झाल्यावर दागिना घालायचा हे डबीत चिठ्ठीवर लिहून द्या, मोत्याचा वरचा थर सेंटनेच जातो.

प्रश्न : एजंट म्हणतो आधी जीएसटी काढा, उद्यमचे दोन हजार द्या. खरं का?

उत्तर : उद्यम म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, एजंटला पैसे देऊ नका. जीएसटीचं म्हणाल तर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात फक्त वस्तू विकत असाल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. बेळगावला, इंदूरला कुरिअर करणार असाल तर नियम बदलतात, हस्तकलेच्या मालाला त्यात सवलत आहे पण अटी आहेत, तेवढं पहिलं पार्सल जायच्या आधी एखाद्या सीएला विचारून घ्या.