अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये प्रत्येक प्ले (चाल) कोचच पाठवतो, मग क्वार्टरबॅकचं एवढं कौतुक कशाला?

तुम्ही विचारलंय की क्रिकेटमध्ये कॅप्टन मैदानावर उभा राहून ठरवतो, इथे मात्र सगळं साइडलाइनवरून येतं, मग क्वार्टरबॅक (क्यूबी, म्हणजे बॉल हातात घेऊन तो कोणाला द्यायचा किंवा फेकायचा ते करणारा) नुसता सांगकाम्याच झाला ना. नाही. अजिबात नाही. आमच्या घरात हेच वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाहीये.

प्ले कोचच पाठवतो, त्यात वाद नाही. २०२४ पासून वरच्या डिव्हिजनमध्ये एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज थेट जातो, त्याआधी हातवारे आणि चित्रविचित्र फोटोंचे मोठे बोर्ड चालायचे. पण प्ले क्लॉकवर, म्हणजे पुढचा प्ले सुरू करायच्या घड्याळावर, १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. डिफेन्सवाले नेमके तेव्हाच आपली खरी जागा दाखवायला लागतात, सेफ्टी (सगळ्यात मागचा डिफेंडर) पुढे सरकतो, लाइनबॅकर (पुढच्या फळीच्या मागचा डिफेंडर) ब्लिट्झचा, म्हणजे क्यूबीवर धावून जायचा, आव आणतो, आणि ते सगळं वीस-एकवीस वर्षांच्या पोराने एकट्याने वाचायचं असतं. स्नॅप होऊन बॉल हातात आल्यानंतरचं तर विचारूच नका.

आता आमची भानगड सांगतो. मी टेक्सासमधल्या एका युनिव्हर्सिटीत मास्टर्स करताना फुटबॉल टीमच्या व्हिडिओवाल्यांकडे कॅम्पस जॉब करायचो. माझा कॅमेरा एंड झोनच्या मागे, उंचावर. टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागे पळतो, आमच्यात बॉल कुठेही जाऊ दे, फ्रेममध्ये लाइन (समोरासमोरची पुढची फळी) आणि लाइनबॅकर आलेच पाहिजेत, नाहीतर शिव्या. आमचे भावजी, म्हणजे ताईचे मिस्टर, डॅलसजवळ राहतात आणि त्याच टीमचे कट्टर फॅन. दिवाळीच्या आसपास आमची एक मॅच होती, शेवटच्या क्वार्टरमध्ये थर्ड अँड वन (तिसरा प्रयत्न, १ यार्ड हवा), आमच्या क्यूबीने पास टाकला, समोरच्या कॉर्नरबॅकने (कडेच्या डिफेंडरने) तो मधेच पकडला आणि मॅच गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईकडे फराळाला गेलो तर चपलाही काढल्या नव्हत्या तोवर भावजी सुरू, एक यार्ड पाहिजे असताना पास कोण बोलावतो, त्या कोऑर्डिनेटरला (प्ले ठरवणाऱ्या कोचला) आजच्या आज हाकला, ते पोरगं बिचारं सांगितलं तेवढं करतंय. चकलीचं ताट फिरतंय, भावजींचे चारही मित्र माना डोलावतायत, आणि मी गप्प, कारण टीमच्या आतली फिल्म बाहेर बोलायची नाही हे पहिल्याच दिवशी बजावलेलं असतं.

झालं होतं असं, की कॉल पासचा नव्हताच. तो रनचा कॉल होता, सरळ इनसाइड झोन (बॉल घेऊन मधून पळायचं), फक्त मागच्या बाजूला एक स्लँट (रिसीव्हरने तिरकं आत कापायचं) जोडलेला. आरपीओ, म्हणजे रन-पास ऑप्शन. क्यूबीने एकाच लाइनबॅकरकडे बघायचं, तो जागेवर राहिला तर बॉल रनिंग बॅककडे (बॉल घेऊन पळणाऱ्याकडे), तो पुढे आला तर बॉल ओढून त्याच्या पाठीमागे फेकायचा. माझ्या फ्रेममध्ये स्पष्ट दिसत होतं, बॉल अजून रनिंग बॅकच्या पोटाशी आहे आणि लाइनबॅकरचा उजवा पाय पुढे पडलाय, टाच उचललेली, खांदे पूर्ण रनकडे वळलेले. त्याच्या मागे सगळी मोकळी जागा. पोराने बॉल ओढला, फेकला, जिथे फेकायचा तिथेच फेकला. चुकला रिसीव्हर, त्याने एक पाऊल उशिरा कट घेतला आणि तेवढ्यात कॉर्नरबॅक त्याच्या पुढून घुसला. फराळाच्या त्या दिवशी सकाळीच मीटिंगमध्ये मी क्लिपा लावत होतो, कोऑर्डिनेटरने त्या पावलावर फिल्म थांबवली, मागे घेतली, पुन्हा थांबवली आणि क्यूबीला म्हणाला, बरोबर केलंस, उद्याही हेच कर. रिसीव्हर मान खाली घालून बसला होता, पहिल्या वर्षाचं पोरगं.

आणि सोमवारी हाच कोऑर्डिनेटर पत्रकारांपुढे म्हणाला की कॉल माझा होता, जबाबदारी माझी. भावजींनी ती क्लिप फॅमिली ग्रुपवर टाकली, बघा, स्वतःच कबूल करतोय! तेव्हापासून दर सीझनला ती क्लिप निघतेच. अहो, तो त्या रिसीव्हरला पाठीशी घालत होता. चांगला कोच पहिल्या वर्षाच्या मुलाचं नाव प्रेसमध्ये घेत नाही, म्हणून तर बाहेरच्यांना कोणी काय ठरवलं ते कधी कळतच नाही.

कॉलेजमध्ये आरपीओ एवढं चालतं त्याला नियमाचंही कारण आहे. इथे पास हवेत सुटेपर्यंत लाइनमनला (रनसाठी पुढे ढकलत वाट करणाऱ्यांना) ३ यार्ड पुढे जायची मुभा आहे, एनएफएलमध्ये, म्हणजे प्रोफेशनल लीगमध्ये, १ यार्डच. त्या जास्तीच्या २ यार्डांत क्यूबीला विचार करायला वेळ मिळतो.

मोठी उदाहरणं हवी असतील तर २००६ चा रोझ बोल, म्हणजे त्या सीझनची कॉलेजची फायनल, बघा. टेक्सास यूएससीच्या (सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या) ५ पॉइंट्सनी मागे, फोर्थ अँड फाइव्ह, कॉल पासचा. टेक्सासचा क्यूबी विन्स यंगला कोणी मोकळं दिसलं नाही, तो उजव्या कोपऱ्याकडे सुटला, १९ सेकंद राखून टचडाउन, ४१-३८. तो कॉल कोचचा होता की निर्णय यंगचा? त्या रात्री त्याने २०० यार्ड पळून आणि २६७ यार्ड पासने काढले, हे साइडलाइनवरून पाठवता येत नाही. त्याच मॅचमध्ये थोडं आधी यूएससीने फोर्थ अँड टूला आपला रनिंग बॅक लेनडेल व्हाइटला बॉल दिला आणि तो अडवला गेला, त्यावरून त्यांचे कोच पीट कॅरल यांना आजवर बोल लावतात. व्हाइट त्या रात्री १२४ यार्ड आणि ३ टचडाउन काढून बसला होता, त्याला बॉल देणं शंभर टक्के बरोबर. दुसरा स्टार रनिंग बॅक रेजी बुशला मात्र बाहेर उभं ठेवणं चूक, तो मैदानावर नुसता असता तरी एखादा डिफेंडर त्याच्याकडे ओढला गेला असता. निकाल उलटा लागला म्हणून कॉल चुकीचा ठरत नाही, हे भावजींना मी अजून पटवू शकलेलो नाही.

किंवा जानेवारी २०१८ ची फायनल, अलाबामा विरुद्ध जॉर्जिया, ओव्हरटाइम. टुआ टॅगोवायलोआ, अलाबामाचा फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा) क्यूबी, हाफटाइमनंतर आत आलेला, ओव्हरटाइममधल्या त्यांच्या पहिल्याच प्लेला सॅक होऊन, म्हणजे बॉलसकट पाडला जाऊन, १६ यार्ड घालवतो. सेकंड अँड ट्वेंटीसिक्स. पुढच्या स्नॅपला तो आधी उजवीकडे बघत राहतो, सेफ्टी तिकडे अडकतो, मग डावीकडे डेव्हॉन्टा स्मिथला ४१ यार्डांचा टचडाउन, २६-२३. रूट (रिसीव्हरच्या पळायच्या वाटा) कोचने आखले, नजर त्याची स्वतःची.

मॅच बघताना बॉल सोडा आणि रिप्लेमध्ये गार्डकडे (लाइनच्या मधल्या भागातल्या दोघांकडे) बघा. गार्ड पुढे ढकलत निघाले असतील आणि तरीही बॉल झटकन हवेत गेला असेल तर बहुतेक वेळा कॉल रनचा होता आणि फेकायचं क्यूबीने ठरवलं. ते मागे सरकले असतील तर पासच बोलावलेला. एवढं बघितल्याशिवाय कोऑर्डिनेटरला हाकलायच्या गोष्टी करू नयेत, हे माझं स्पष्ट मत.

आता हेही खरं की सगळीकडे सारखं स्वातंत्र्य नसतं. कोच माइक लीच आपल्या क्यूबीला लाइनवर प्ले बदलायची भरपूर मोकळीक द्यायचे, तर काही टीममध्ये अकराही जण लाइनवर उभं राहून पुन्हा साइडलाइनकडे माना वळवतात आणि कोचच दुसरा प्ले देतो. नवख्या पोराला तर अर्धंच मैदान बघायला सांगतात. तेव्हा तुमचा प्रश्न अशा टीमबद्दल असेल तर तुमचं थोडंफार बरोबर आहे. पण आमच्या त्या मॅचबद्दल भावजींचं नाही. तो स्टाफ केव्हाच पांगला, पोरं पास होऊन नोकरीला लागली, आता लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही, म्हणून हे उत्तर फॅमिली ग्रुपवरही टाकतोय.