वाचक विचारतात : वाय लिपी

प्रश्न : लायबेरियातल्या वाय भाषेला स्वतःची लिपी आहे म्हणे. तिची बाराखडी कशी असते?

उत्तर : बाराखडी नसतेच. आपण ‘क’ला उकार दिला तरी ‘क’ ओळखू येतो. वायमध्ये ‘का’ आणि ‘कू’ ही दोन स्वतंत्र चिन्हं, आणि सहसा एकावरून दुसरं ताडता येत नाही. स्वर सात, म्हणजे एकेका व्यंजनामागे सात आकार पाठ करायचे. एकूण दोनशेहून जास्त. जोडाक्षरांचा त्रास मात्र नाही. १८३३च्या सुमारास मोमोलू दुवालू बुकेले यांनी लायबेरियातल्याच केप माउंट भागात ही लिपी घडवली. वायभाषक आजही मुख्यतः तिथेच, शिवाय काही सीमेपलीकडे सिएरा लिओनमध्ये. शाळेत इंग्रजी, मदरशात अरबी. वाय लिपी मात्र घरच्यांकडून किंवा मित्राकडून शिकायची आणि पत्रांना, हिशेबाला वापरायची.

प्रश्न : चिन्हं पाठ झाली, तरी जुन्या पत्राचा अर्थ लागत नाही. असं का?

उत्तर : चूक तुमची नाही. वाय ही सुरांची भाषा : उच्च-नीच सुरानं शब्द बदलतो, पण लिपीत सूर लिहीत नाहीत. स्वराची लांबीही दर वेळी दाखवतातच असं नाही. त्यात जुन्या लिखाणात दोन शब्दांमध्ये जागा सोडत नसत. म्हणून मुरलेले वाचकसुद्धा मोठ्यानं वाचतात. चार-पाच चिन्हं सलग म्हणायची, सूर आणि लांबी बदलून पुन्हा म्हणायची, ओळखीचा शब्द कानावर पडला की तिथे तोडायचं आणि पुढे सरकायचं. मनातल्या मनात वाचत बसलात तर अडकाल. भाषा बोलता येत नसेल तर नुसत्या चिन्हांच्या तक्त्यानं हे काम होणार नाही, हेही सांगून ठेवतो. चिन्ह तक्त्याशी जुळत नसेल तर तो जुना पर्यायी आकार असू शकतो. प्रमाण तक्ता १९६२ साली लायबेरिया विद्यापीठात ठरला.

प्रश्न : संगणकावर वाय मजकुराच्या जागी चौकोन दिसतात.

उत्तर : फाँट नाही, एवढंच. विंडोजमध्ये ‘एब्रिमा’ निवडा, नाहीतर ‘नोटो सान्स वाय’ मोफत उतरवून घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरांच्या समाईक यादीत, ही लिपी २००८ साली आली. चौकोनांऐवजी भलतीच रोमन अक्षरं दिसली, तर मजकूर बहुधा त्याआधीच्या जुन्या फाँटमधला आहे; तोच फाँट मिळवावा लागेल किंवा मजकूर पुन्हा टाइप करावा लागेल.