बेंचच्या पायातला बुश आणि दहावीनंतरची वाट

नमस्कार दादा,

तुमचं पत्र मिळालं. वाळवा तालुक्यात तुमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, शाळांचे बेंच आणि कार्यालयांची टेबलं करता. मागच्या वर्षी एका शाळेला तीस बेंच दिलेत आणि महिन्याभरात ‘नव्या फरशीवर ओरखडे पडले’ म्हणून त्यांनी बिलातून पैसे कापले. तेव्हापासून दहावीतली तुमची लेक बेंचच्या पायांमागे लागली आहे. सायकलची ट्यूब कापून पायांना बूट घालते, वहीत काहीबाही टिपते, आणि पुढे हेच करायचं म्हणते. नातेवाईक म्हणतात, अकरावी सायन्सला घाला, लातूरला पाठवा. आणि शेवटी तुमचा प्रश्न: “सर, खुर्चीच्या पायाला रबर लावायचं पण शिक्षण असतं का?”

खरं सांगतो, वाचून आधी मला हसू आलं. मग तुम्ही सहज लिहून गेलेलं एक वाक्य परत वाचलं. तुमची लेक शाळेत गेली, भांडी घासायच्या पावडरने ती रेघ घासली आणि घरी येऊन म्हणाली, “पप्पा, हा ओरखडा नाहीच, हे आपलं लोखंड आहे.” तुम्हाला ती पोरीची गंमत वाटली. मला मात्र पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच वाटली.

कारण ती बरोबर आहे. चांगली व्हिट्रिफाइड टाइल साध्या लोखंडापेक्षा कठीण असते. त्यामुळे उघडा पाइप तिच्यावरून ओढला की बहुतेक वेळा टाइल कापली जात नाही, पाइपच झिजतो आणि पाटीवर पेन्सिल उमटावी तशी राखाडी रेघ मागे राहते. कोटा किंवा संगमरवर असता तर गोष्ट वेगळी. ते दगड मऊ, त्यांच्यावर खरोखरच चर पडतो. तोही पुष्कळदा पायामुळे नाही, पायाखाली अडकलेल्या वाळूच्या कणामुळे. मोसच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर वाळूतलं क्वार्ट्झ 7 वर बसतं आणि संगमरवर 3 च्या आसपास. पायाला मऊ फेल्ट, म्हणजे दाबून केलेलं लोकरीसारखं जाड कापड, लावलं आणि त्यात कण रुतून बसले, की आपणच फरशीखाली पॉलिशपेपर सरकवल्यासारखं होतं.

आता तिच्या वहीत आणखी एक हिशेब घालायला सांगा. बेंच आणि त्यावरची दोन मुलं मिळून 115 किलो धरा, म्हणजे एका पायावर साधारण 29 किलो. तुमचा एक इंची चौकोनी पाइप 18 गेजचा असेल, म्हणजे पत्र्याची जाडी 1.2 मिलिमीटर. उघड्या पाइपची फक्त कडा जमिनीला टेकते, ती जेमतेम 1.1 चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला 25 किलोच्या वर भार! त्याच पाइपला सपाट तळाचा बुश, म्हणजे पायाच्या टोकाला बसणारं प्लास्टिकचं किंवा रबरी बूच, बसवला की तोच भार साडेचार किलोच्या आसपास उतरतो. जुन्या वाड्यात लाकडी खांबाखाली दगडाचा तळखडा घालायचे. खांबाचा भार पसरायचा आणि जमिनीची ओल लाकडाला लागायची नाही. बुशाचं काम तेच, फक्त त्याला दिवसातून दहा वेळा सरकावंही लागतं.

आणि सगळी गंमत त्या सरकण्यात आहे. रबर मऊ, आवाज करत नाही, पण जमीन धरून ठेवतं. जागचं न हलणाऱ्या टेबलाला उत्तम, खुर्चीला त्रासदायक. नायलॉन छान सरकतं, टिकतं, पण वर्गात तीस खुर्च्या एकदम मागे सरकल्या की कानठळ्या बसतात. बाजारात फेल्टच्या चिकटपट्ट्या मिळतात, पण आपल्याकडे रोज ओल्या फडक्याने फरशी पुसतात. गोंद सुटतो, फेल्ट ओलं राहतं, महिन्याभरात काळा लगदा होतो. माझ्या घरी लोखंडी कपाटाखाली गंजाचे चार तांबडे चौकोन उमटले आहेत, आणि कपाट हलवून बारा वर्षं झाली तरी ते गेलेले नाहीत. तेव्हा बुश म्हणजे फरशीला लागणारी गादी एवढंच नाही, पाइपच्या तोंडाला पाणी लागू न देणारं बूचही तेच.

ट्यूबच्या बुटांनी दोन महिन्यांनी काळी वर्तुळं उमटवली म्हणून ती रडली, असं तुम्ही लिहिता. तिला सांगा, यात तिची चूक नाही. ट्यूबच्या रबरात काजळी असते, ती घासून उतरते. शिवाय रबरातली काही रसायनं हळूहळू बाहेर झिरपतात. विनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, फरशीत ती अशी मुरतात की पिवळट-तपकिरी डाग पुसून जात नाही. म्हणूनच ‘डाग न पाडणारं’ रबर किंवा टीपीयू (रबरासारखं लवचीक प्लास्टिक) असा वेगळा माल वापरतात. ऑफिसच्या खुर्च्यांच्या चाकांतही हा भेद आहे: गालिच्यासाठी कडक चाक, कडक फरशीसाठी मऊ धावेचं. बहुतेक लोक न बघताच घेतात.

आता शिक्षणाचं. ‘बुश डिझायनर’ म्हणून कुणी नोकरीवर घेत नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. पण हा बोटभर तुकडा बनवायला तीन माणसं लागतात: माल ठरवणारा, साचा करणारा आणि आकार काढणारा. तुमच्या लेकीला यातल्या कुणाच्या जागी बसायचंय, एवढंच ठरवायचं आहे.

माझा कल साच्याकडे आहे. तुमचं वर्कशॉप आहे, ती व्हर्नियर हातात धरून वाढली आहे. साच्यात काय काय बघावं लागतं, ऐका. नायलॉन थंड होताना शेकडा एक-दीड टक्का आकसतं, ते आधीच धरून साचा मोठा ठेवायचा. पाइप 18 गेजचा असो वा 16 चा, बुश दोन्हीत घट्ट बसावा म्हणून बाजूला लवचीक पाती काढायच्या. बाहेरून चढवायची टोपी असेल तर पाइपची धारदार कडा तिचा तळ आतून कापते, म्हणून तळाशी लोखंडी वॉशर टाकायचा. कार्यालयातल्या खुर्च्या उलट्या करून बघा, निम्म्या टोप्यांचे तळ फाटलेले दिसतील.

यासाठी दहावीनंतर लगेच दोन चांगल्या वाटा आहेत. सिपेट ही केंद्र सरकारची प्लास्टिकची संस्था, 1968 पासूनची. छत्रपती संभाजीनगरला तिचं केंद्र आहे. तिथे प्लास्टिक मोल्ड टेक्नॉलॉजीचा तीन वर्षांचा डिप्लोमा होतो, प्रवेश परीक्षा त्यांची स्वतःची. त्याच शहरात इंडो जर्मन टूल रूममध्ये टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा आहे. मशीनवर उभं राहून शिकवतात, हात काळे होतात. मुलीला जमेल का, असं तुम्ही दबक्या शब्दांत विचारलंय. तुमच्या वेल्डिंगच्या धुरात ती रोज बसतेच आहे की!

तिला आकारच काढायचा असेल, तर बारावी कोणत्याही शाखेतून करून यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा द्यावी. आयआयटी मुंबई ती परीक्षा घेते, आणि तिथल्या आयडीसी या डिझाइन विभागात बी.डेस या पदवीला त्यातूनच प्रवेश मिळतो. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत तर फर्निचरचाच विषय आहे, परीक्षा वेगळी. दोन्हीकडे स्पर्धा जबर आहे, चित्रं काढावी लागतात, यूसीडला वयाची अट असते. मालाच्या, म्हणजे पॉलिमरच्या (प्लास्टिक-रबराच्या), वाटेला बारावी सायन्स आणि सीईटी लागेल. माटुंग्याच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत पॉलिमर इंजिनिअरिंग आहे. ती रसायनशास्त्राला किती वैतागते, तुम्हीच सांगा.

लातूरचं म्हणाल तर, तिथे जाणारी मुलं मन लावून अभ्यास करतात, मला आदर आहे. पण बिल कापलं गेल्यावर जी मुलगी फरशी घासायला जाते, तिला दोन वर्षं फक्त पर्यायी उत्तरांवर गोल काळे करायला लावू नका. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाता येतं, तेव्हा ती वाटही बंद होत नाही.

दहावीची परीक्षा होईपर्यंत मात्र ट्यूब कापणं रविवारपुरतंच. सुट्टीत तिला इचलकरंजी किंवा कोल्हापूरच्या एखाद्या मोल्डिंगवाल्याकडे पंधरा दिवस नेऊन बसवा. पगार मागू नका, फक्त साचा उघडताना-मिटताना बघू द्या. कंटाळली, तर तेही कळेल.

आणि तिला माझ्याकडून एक प्रश्न. वर्गात बेंच ओढताना पोरं एकच बाजू उचलतात, दुसऱ्या बाजूचे दोन पाय फरफटत जातात. त्या वेळी बुश तिरका होतो आणि तळाऐवजी त्याची कडा घासते. तो तिरका झाला तरी तळ सपाट टेकलेला राहील, असं काय करता येईल? उत्तर वहीत चित्र काढून पाठवायला सांगा. चुकलं तरी चालेल, पण खोडलेली चित्रंही पाठवा.